डीजे निंबाचा भाव

गेल्या महिन्यात मी एक हलकट काम केलं. माझा एक मित्र औषधाच्या दुकानात बसतो. त्याचा गाण्याबजावण्याशी काडीचा संबंध नाही. त्याला मी निंबाला फोन करायला लावला. "बारचा मॅनेजर बोलतोय, शनिवारी डीजे हवाय, काय घेता?" एवढंच विचारायचं होतं. फोन स्पीकरवर होता आणि मी काउंटरच्या अलीकडे खोकल्याच्या बाटल्यांवरची नावं वाचत, श्वास धरून उभा होतो. पलीकडून तोच जाड, सावकाश आवाज आला, "जागा पाह्यल्याशिवाय सांगत नाय मी. पत्ता पाठवा." आणि फोन बंद. मित्र माझ्याकडे बघत म्हणाला, "तुझं नक्की काय चाललंय रे?"

काय चाललंय ते मला चांगलं ठाऊक होतं. निंबा नाशिक सोडून पुण्याकडे गेला त्याला दोन वर्षं झाली, आणि तो आता किती घेतो हे कळल्याशिवाय मला अजून चैन पडत नाही. याला हेवा म्हणतात. मी तो शब्द टाळणार नाही, कारण निंबाबद्दल लिहायचं आणि हेवा वगळायचा म्हटलं तर माझ्याकडे लिहायला फारसं काही उरत नाही.

माझं नाव समाधान. समाधान नावाचा डीजे कोण बोलावणार, म्हणून मी सॅम झालो. हातात दोन कडी, कानात एक बाळी, काळा टीशर्ट, असा सगळा सरंजाम मी काम मिळण्याच्या आधीच करून ठेवला होता. निंबाकडे यातलं काहीच नव्हतं. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. डोक्याला तेल, अंगात इस्त्रीचा पांढरा फुलबाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला, पायात चपला. बारच्या दारात उभा राहिला की मालक विचारायचे, "जनरेटरवाले का?" तो शांतपणे म्हणायचा, "नाय. डीजे निंबा." नाव बदल, काहीतरी स्टायलिश घे, असं त्याला मी सांगितलं, मालकांनी सांगितलं, पोस्टर करणाऱ्या पोरीनंही सांगितलं. "आज्ज्याचं नाव हाय," एवढंच त्याचं उत्तर. आज्ज्याचं नाव बारच्या पोस्टरवर, खाली दारूच्या ऑफर, याचं त्याला काहीच वाटायचं नाही.

तो नामपूरचा. मला पहिल्यांदा भेटला तो नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एका साउंडवाल्याच्या गोदामात, जिथून मी स्पीकर भाड्यानं न्यायचो. तो तिथं कामाला होता. स्पीकर टेम्पोत चढवायचे, उतरवायचे, आलेल्या वायरी गुंडाळून ठेवायच्या. वायर गुंडाळण्याचं त्याला वेड होतं. दुसरे कोपराला वेढे देऊन वायर पिळून टाकायचे. हा मांडी घालून बसायचा, मोठमोठे सैल वेढे घ्यायचा आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधायचा. लांब वायरीला लाल चिंधी, आखूडला हिरवी. एकदा मी घाईत लाल चिंधीच्या जागी हिरवी बांधून वायर परत केली, तर त्यानं माझ्यासमोर ती सोडली आणि पुन्हा बांधली.

मग एके दिवशी म्हणाला, "भो, मला ते गाण्याला गाणं जोडायचं शिकवता का? वरातीत वाजवलं लय, पण तिथं गाणं थांबलं तरी लोक नाचतात."

मी शिकवलं. आता वाटतं, कशाला शिकवलं. दुपारी तो आमच्या घरी यायचा. आई चहा द्यायची, तो कप स्वतः विसळून पालथा घालून ठेवायचा, आणि आई मला ऐकू जाईल अशा बेतानं त्याचं कौतुक करायची. हात त्याचा जड होता. दोन गाण्यांच्या ठेक्यांचा मेळ बसवायला मला एक आठवडा लागला होता, त्याला दोन महिने लागले. खरं सांगतो, ते दोन महिने माझे फार आनंदात गेले. "अरे निंबा, कान दे, नुसतं स्क्रीनकडे बघू नकोस," असं मी तिसाव्यांदा सांगायचो तेव्हा मला स्वतःबद्दल फार बरं वाटायचं. संध्याकाळचे सहा वाजले की त्याच्या आईचा फोन यायचा. कुठलंही गाणं चालू असो, तो हेडफोन काढायचा आणि त्यांच्या अहिराणीत बोलायचा, "हां माय, जेवनू. बठ्ठं बेस शे," म्हणजे जेवलो, सगळं छान आहे. संध्याकाळी सहाला कोण जेवतं? पण ती रोज तेच विचारायची आणि तो रोज जेवलेला असायचा.

शिकून झाल्यावर मी त्याला दाखवायला म्हणून एका बारमालकाकडे बरोबर नेलं. आपण कसं बोलतो, धंदा कसा होतो, ते त्यानं बघावं असा माझा थाट. मालकानं विचारलं, "किती घेणार?" मी म्हणालो, "सहा हजार." आणि मालकानं नुसती भुवई उचलली तेवढ्यात माझं तोंड सुटलं. "म्हणजे पाचलाही जमेल, नवीन जागा आहे, ओळख होईल, आपलं काय, पुढे बघू." मालक काहीच बोलला नव्हता. मी एकटाच बोलत बोलत चारवर आलो आणि वर स्पीकरही माझेच म्हणालो. निंबा बाजूच्या खुर्चीत गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "तू कोणाशी बोलत व्हता?"

त्याचे वडील नामपूरच्या कांदा मार्केटात मापाडी. मापाडी म्हणजे माल काट्यावर घेऊन वजन पुकारणारा माणूस. निंबाचं सगळं लहानपण त्या काट्याशेजारी गेलेलं. तो म्हणायचा, "काटा हालत असला ना भो, की कोणी बोलायचं नाय. शेतकरी नाय, हमाल नाय, व्यापारी तर नायच. बोललं की कोणाचा तरी हात लागतो. थांबू द्यायचा." हे त्यानं बारच्या धंद्यात जसंच्या तसं आणलं. भाव एकदा सांगायचा आणि गप्प बसायचं.

पण सांगण्याच्या आधी त्याची एक पूजाच असायची. फोनवर भाव नाही म्हणजे नाही. दुपारी, बार रिकामा असताना जायचं. तीन कोपऱ्यांत तीन वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसून बघायचं. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवायची आणि आवाज कुठून परत येतो ते ऐकायचं. प्लगच्या बोर्डापाशी उकिडवं बसायचं. मग मालकाला सोडून वेटरला विचारायचं, "मंगळवारी किती टेबलं लागतात?" मालकाला वाटायचं, हा हॉटेल विकत घ्यायला आलाय की काय. हे सगळं झाल्यावर पाणी मागायचं, अर्धा ग्लास प्यायचा आणि आकडा सांगायचा.

गंगापूर रोडच्या एका बारमध्ये हे मी डोळ्यांनी पाहिलं. टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या, फरशी पुसणं चाललेलं. निंबा म्हणाला, "नऊ." मी मनात म्हटलं, मेला. मला चार मिळतात, हा नवशिका नऊ मागतोय. मालक हसला. निंबा हसला नाही, रागावलाही नाही, बसून राहिला. मालकानं भाड्याचं सांगितलं. लायसनचं सांगितलं. कूक पळून गेल्याचं सांगितलं. निंबा इतकं लक्ष देऊन ऐकत होता की मालक आणखी सांगत गेला. फ्रीजची घरघर ऐकू येत होती. शेवटी मालक म्हणाला, "बरं, आठ करू." निंबा गप्प. मालक बोटातली अंगठी फिरवायला लागला. अजून दोन क्षण गेले असते तर तो नऊवर आला असता, हे आज मला कळतं. पण मला ती शांतता सहन होईना. मी म्हणालो, "आठला जमेल की रे, निंबा!"

मालकानं झटक्यात हात पुढे केला आणि आठ ठरले.

बाहेर येऊन मी स्कूटरला किक मारत होतो. निंबा म्हणाला, "काटा हालत व्हता समाधान भो. तू हात लावला." मग त्यानं मला कोपऱ्यावर पाववडा खाऊ घातला, स्वतःच्या पैशानं. मी तो खाल्ला. खाताना माझ्या मनात काय होतं तेही सांगतो. मला वाईट वाटत नव्हतं. याचे हजार रुपये गेले याचं मला आतून थोडं बरंच वाटत होतं.

पुढच्या वर्षभरात मी ऐकलेली निंबाची वाक्यं मी आजही चोरून वापरतो, फक्त माझ्या तोंडात ती शोभत नाहीत. श्रावणात दारू-मटणाचा खप पडतो म्हणून मालक सगळ्यांचे भाव पाडतात. निंबाला एकानं तसं सुचवलं तेव्हा तो म्हणाला, "माझ्या खोलीचा मालक श्रावण पाळत नाय, शेट." शनिवारी जास्त आणि मंगळवारी कमी, हा सगळ्यांचा हिशोब. त्याचा उलटा होता. "शनवारची गर्दी तुमची हाय, ती मी नसलो तरी येती. मंगळवारी आली तर ती माझी." मंगळवारचे त्यानं जास्त मागितले आणि एका मालकानं ते दिले. ठरलेली वेळ झाली की तो गाणं हळूहळू उतरवत आणायचा. लोक ओरडायचे, "एक अजून!" तो लोकांकडे बघायचाच नाही, गल्ल्यावरच्या मालकाकडे बघायचा. मालकानं एक बोट वर केलं तर एक तास वाढला, तासाचे पैसे वेगळे. मालकानं मान फिरवली तर निंबा वायरी गुंडाळायला बसायचा. मी मात्र "एक अजून" करत करत फुकट दीड तास वाजवून यायचो आणि घरी येऊन सांगायचो, पब्लिक सोडतच नव्हती.

असा हा भावाचा पक्का माणूस एकदा दोन दिवस गायब झाला. चौकशी केली तर कळलं, त्या गंगापूर रोडच्या बारचा आचारी काशिनाथ, सुरगाण्याकडचा, त्याच्या बहिणीच्या लग्नात निंबा वाजवायला गेला होता. पिकअपमध्ये स्पीकर घालून, घाट चढून, एक रुपया न घेता. बारच्या मालकाला हे कळलं तेव्हा तो चिडला. "तिकडे फुकट आणि आमच्याकडे पैसे मोजून?"

निंबा म्हणाला, "तिथं मला पंगतीत बसवलं शेट, आग्रह करून वाढलं. इथं मी किचनच्या दारात उभा राहून खातो. फुकट द्यायचं ते माझ्या मर्जीनं. सवलत तुमच्या मर्जीची असती, ती नाय जमत."

पुढच्या शनिवारी मालकानं त्याच्यासाठी कोपऱ्यात टेबल लावलं. वर्षभरात सगळे त्याला निंबाशेठ म्हणायला लागले. मी त्याच्या आधी तीन वर्षं या धंद्यात होतो. माझ्या गाण्यांवर लोक जास्त नाचायचे, हे मी म्हणत नाही, वेटर म्हणायचे. आणि तरी मला सगळीकडे "अरे सॅम, ती वायर बघ जरा." मी रोज झोपताना विचार करायचो, या माणसाकडे आहे काय? कान माझ्यापेक्षा कच्चा, हात जड, गाणी तीच ती. शर्ट तर असा, की बँकेत पासबुक भरायला आलाय. मग त्याला का, आणि मला का नाही? माझं सगळं शिकणं त्याच्या एका गप्प बसण्यापुढे पाणी भरत होतं आणि ते गप्प बसणं मला काही केल्या जमत नव्हतं.

मग त्र्यंबक रोडच्या बाजूला एक मोठी जागा सुरू झाली. हिरवळ, काचेची भिंत, रविवारी दुपारी चार ते आठ संगीत. पोराबाळांसकट येणारी मंडळी, नशेत धिंगाणा नाही, चांगले स्पीकर त्यांचेच. नाशिकमधल्या प्रत्येक डीजेचा डोळा त्या रविवारांवर होता. निंबा जाऊन तीन खुर्च्यांवर बसून आला, टाळी वाजवून आला. त्यानं पंधरा सांगितले होते. मला हे त्यानंच सांगितलं, गोदामात वायरी गुंडाळता गुंडाळता. तेव्हाही तो दिवसा गोदामात जातच होता, पाठीला पट्टा लावून. "महिन्याचे चार रविवार पक्के झाले ना भो, की हे उचलणं सोडतो," तो म्हणाला. "कंबर लय धरती आता. त्यांनी इचार करून सांगतो म्हटलंय. मी काय फोन करत नाय. येईल त्यांचाच."

फोन आला, पण मला. गुरुवारी दुपारी मी घरी जेवत होतो. त्या जागेचा मालक बोलत होता. "तुमचं नाव ऐकलंय. तुमचे ते मित्र पंधरा म्हणतात. तुम्ही काय घ्याल?"

मला पंधरा म्हणता आलं असतं. बारा म्हणता आलं असतं. 'त्याचं काय ते आधी ठरू द्या' असंही म्हणता आलं असतं, आणि ते म्हणायला काही पैसे पडत नव्हते. मी म्हणालो, "आठ." लगेच म्हणालो, घास तोंडात असताना. आणि आयुष्यात पहिल्यांदा आकडा सांगून मी गप्प बसलो. मालक म्हणाला, "डन." आईनं विचारलं, कोणाचा फोन? मी म्हटलं, काम मिळालं. ती म्हणाली, निंबाला सांग, त्याला बरं वाटेल.

मी त्याला सांगितलं नाही. शनिवारी गोदामातून स्पीकर आणायला दुसऱ्याला पाठवलं. भावाचं म्हणाल तर तो कायमचा बसला. तिथं मी पुढे आठच्या वर कधी गेलो नाही, आणि माझ्यानंतर जो आला तो सहात आला. निंबानं गोदाम सोडलं ते आठ महिन्यांनी, पुण्याला कोणीतरी बोलावल्यावर. मधल्या काळात मी त्या रस्त्यानं जाणं टाळलं. म्हणून मी त्याला शेवटचं पाहिलं ते माझ्या पहिल्या रविवारी.

साडेपाचच्या सुमाराला मी मान वर केली तर तो काचेच्या भिंतीजवळच्या टेबलावर एकटा बसलेला. पांढरा शर्ट, समोर लिंबू सरबत. मी मान खाली घातली. पण त्या दिवशी माझा हात असा काही लागला होता की थांबवता येत नव्हता. एक गाणं दुसऱ्यात कधी शिरलं हे कळू नये असं चाललं होतं. आज्या पाय हलवत होत्या, बाप पोरांना खांद्यावर घेऊन हिरवळीवर नाचत होते. मालक लांबून अंगठा दाखवत होता. सहा वाजता निंबाचा फोन वाजला असावा, कारण तो कानाला लावून बाहेर गेला आणि दोन मिनिटांनी परत येऊन त्याच खुर्चीवर बसला. पुढचा तासभर तो हलला नाही.

सात वाजता मी पंधरा मिनिटांची सुट्टी घेतली. त्याच्याकडे जायचं नव्हतं, पण पाण्याची बाटली त्याच्याच बाजूला होती. तो बिल देऊन उठत होता. वेटरकडून त्यानं सुटे परत घेतले नाहीत. मी जवळ गेलो. म्हटलं, शिव्या देईल, देऊ दे. मी तर उत्तरंही तयार ठेवली होती. धंदा आहे, तुझं कुठे पक्कं होतं, मी कोणाच्या पोटावर पाय दिलेला नाही. सगळी पाठ करून ठेवली होती.

"पंधराचं वाजवलंस," तो म्हणाला.

मी पाठ केलेल्यातलं एकही वाक्य याला लागू पडत नव्हतं.

"मी बसलो असतो ना तिथं," त्यानं माझ्या मशीनकडे हात केला, "तर त्यांचे पैसे वाया गेले असते जरा. मला ठाव हाय माझा हात. म्हणून तर मी तोंड सांभाळतो. तू शिकवायचा ना घरी, तेव्हा खोलीवर जाऊन मला झोप येत नव्हती. वाटायचं, ह्याला देवानं एवढं दिलं अन् हा ते चार-चार हजाराला वाटत फिरतो. लय जळायचो तुझ्यावर." हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही. वजन पुकारावं तसं सांगितलं. मग चपलेत पाय नीट सरकवला. "तुझा हात मला असता, तर मी वीस सांगितले असते समाधान भो."

आणि तो निघाला. मला म्हणायचं होतं, थांब, मालकाशी बोलतो, दोन रविवार तुझे, दोन माझे. घशापर्यंत आलं होतं. पण मालक हाक मारायला लागला, "चला सॅम, लोक थांबलेत," आणि मी वळलो. काचेतून दिसत होतं, तो पार्किंगमध्ये एका गाडीला मागे घ्यायला मदत करत होता. "या, या, या," असा हात हलवत, अगदी मन लावून. गाडी निघाली तसा तो गेटातून चालत गेला, कंबरेला एक हात लावून.

मी हेडफोन चढवले. पहिलं गाणं आधीच्यावर नीट बसलं नाही. दुसऱ्याचा ठेका पुढे पळाला. लोकांनी एकदोनदा वळून पाहिलं आणि ते बसायला लागले. पाऊण तास बाकी होता. तो मी बरोबर आठ हजारांचा वाजवला.